लिंबाजी कासाराचं पोहणं

वेढे नावाच्या गावात एक भोळा कासार होता. लिंबाजी त्याचं नाव. भोळा हा शब्द गावातली माणसं त्याच्या तोंडावर वापरत. मागे दुसरा वापरत.

गावाला नदीने तिन्ही बाजूंनी वेढलं होतं, म्हणून गावाचं नाव वेढे. तिथल्या म्हशीसुद्धा पट्टीच्या पोहणाऱ्या. लिंबाजी तेवढा पोहत नव्हता. पस्तिशी उलटली होती आणि पाण्याशी त्याचा संबंध तांब्यापुरता होता.

एकदा बाजाराहून परतताना होडी काठाशी येऊन कलंडली. बाकीची माणसं उतरून घराकडे चालू लागली. लिंबाजी जिथल्या तिथे बुडायला लागला. "बुडालो, बुडालो" असं त्याने बराच वेळ ओरडून घेतलं. शेवटी होडीवाला कंटाळून म्हणाला, "उभा राहा." लिंबाजी उभा राहिला. पाणी गुडघ्याला होतं. काठावर त्या वेळी अर्धं गाव होतं. उरलेल्या अर्ध्याला दिवे लागायच्या आत कळलं.

त्याच्या बायकोचं नाव अनसा. तिचं माहेर नदीपलीकडे, आणि तिच्या माहेरी चालायच्या आधी पोहायला शिकत. धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न महिन्यावर आलं होतं. अनसाने भाकरी थापता थापता सांगितलं, "लग्नाच्या आधी पोहायला शिका. नाहीतर मी एकटी जाईन, आणि सांगेन की तुम्हाला ताप आलाय."

"कुठला ताप?" लिंबाजीने विचारलं.

"कुठलाही."

"हिवताप नको सांगूस. मला थंडी सोसत नाही."

अनसाने पुढची भाकरी जरा जोरात थापली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी हौसाआत्याकडे गेला.

हौसाआत्या होडीवाल्याची थोरली बहीण. साठी ओलांडलेली. आवाज असा, की पलीकडच्या काठावरची गुरं वळून बघत. गावातल्या तीन पिढ्यांना तिनेच पोहायला शिकवलं होतं. रीत सोपी होती. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर बांधायचा, पाण्यात ढकलायचं आणि आपण खडकावर बसून शिव्या द्यायच्या. पाण्याने कुणी मेलं नव्हतं. शिव्यांनीही नाही.

लिंबाजीचा एक गुण होता. सांगितलेलं तो विसरत नसे. त्याच्या सगळ्या अडचणी या एका गुणातून निघत.

पहिल्या दिवशी तो धोतर, सदरा, कोट, पागोटं आणि छत्री अशा थाटात नदीवर आला. छत्री कशाला, असं आत्याने विचारलं. भिजू नये म्हणून, असं त्याने सांगितलं. आत्याने एकदा आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "पाण्यात उतरताना माणसाने कपडे काढावेत. लंगोट ठेवावा. बाकी काही ठेवू नये."

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला. आणि ठेवलं.

त्याच आठवड्यात पाटलांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. बांगड्या भरायला लिंबाजीला बोलावणं आलं. पाटलीणबाईंनी सकाळीच अंगणात दणदणीत सडा घातला होता. लिंबाजी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन दारात आला आणि थांबला. पुढे पाणी होतं. त्यात उतरायचं होतं. त्याने पाटी खाली ठेवली. कोट काढला, सदरा काढला, धोतर सोडून नीट घडी केली आणि सगळं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि लंगोटावर ओसरीत जाऊन तीस बायकांना विचारलं, "आधी कुणाला भरायच्या?"

तीस बायका मागच्या दाराने गेल्या. गरोदर सून पळू शकली नाही. ती इतकी हसली, की सुईणीला बोलवावं लागलं.

आत्याच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, तो सडा होता. चार बोटं पाणी नव्हतं."

"किती आहे ते मला कसं कळणार?"

"बघायचं. हातात काठी घ्यायची. आधी खोली बघायची, पाणी किती पुरुष आहे ते बघायचं, मग आत पाऊल टाकायचं. खोली न बघता आत शिरणारा मरतो."

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला. आणि ठेवलं.

चार दिवसांनी शाळेच्या गुरुजींच्या बायकोने बांगड्यांसाठी निरोप पाठवला. गुरुजी देवळामागे एका खोलीत राहत. लिंबाजी गेला. या वेळी अंगावर कपडे होते, सगळे. एकदा केलेली चूक तो पुन्हा करत नसे. दार लोटलेलं होतं. आत खोली होती, आणि ती बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नव्हतं. त्याने दारातूनच आठ हातांचा बांबू आत घातला.

डावीकडे दुधाचं पातेलं होतं. ते गेलं. उजवीकडे लोणच्याची बरणी होती. तीही गेली. मग त्याने बांबू सरळ मध्ये घातला. तिथे खाटेवर गुरुजी दुपारचे निजले होते. बांबू पोटात रुतला. गुरुजी जागे झाले. दारातून एक बांबू आपणहून आत येतोय आणि आपल्याला शोधतोय, एवढंच त्यांना दिसलं. ते खिडकीवर चढले.

इतक्यात गुरुजींची बायको पाण्याची घागर घेऊन आली. इथे काय चाललंय, असं तिने विचारलं.

"खोली बघतोय," लिंबाजी म्हणाला. "एक पुरुष आहे."

पुढची दोन वर्षं त्या बाईने नवऱ्याला या वाक्याचा अर्थ विचारला. गुरुजींनी तो समजावून सांगितला. तरी ती मधूनमधून विचारत असे.

आत्याने कपाळाला हात लावला. म्हणाली, आधी जाऊन गुरुजींची माफी माग. ताठ मानेने जाऊ नको, नाक मुठीत धरून जा. आणि त्या दिवशी तिने त्याला पाण्याखाली डोकं घालायला शिकवलं. नाक धरायचं, तोंड मिटायचं, मनात शंभर आकडे मोजायचे. आणि शंभर होईपर्यंत, काही झालं तरी, तोंड उघडायचं नाही.

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला. आणि दोन्ही ठेवलं.

संध्याकाळी तो गुरुजींच्या दारात उभा राहिला. नाक मुठीत, तोंड घट्ट मिटलेलं. गुरुजींच्या बायकोने नुकतंच घर सारवलं होतं. काय पाहिजे, असं गुरुजींनी विचारलं. लिंबाजी बोलला नाही. तो मोजत होता. मोजताना प्रत्येक आकड्याला मान हलवायची त्याला सवय होती.

गुरुजींच्या बायकोने विचारलं, "नाक कशाला धरलंय? आमच्या घराला वास येतो?"

लिंबाजीने मान हलवली.

"माझ्या सारवण्याला?"

त्याने पुन्हा मान हलवली. तो बेचाळीसवर होता. साठपर्यंत शेजारची माणसं जमली. ऐंशीपर्यंत गुरुजींच्या बायकोने आपली माहेरची ट्रंक बाहेर काढली. शंभर झाल्यावर लिंबाजीने नाक सोडलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "चुकलं माझं." पण तोवर दार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या येऊन खडकावर बसली. मग म्हणाली की नाक धरून उभं राहण्याचा धडा संपला. "यापुढे नाकाशी पाणी आलं की हात मारायचे, पाय मारायचे. थांबायचं नाही. गप्प राहिला तो बुडाला."

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला.

त्याने त्या दिवशी पाण्यात असे हातपाय मारले, की खडकावर बसलेली आत्या भिजली. पण भोपळ्यासकट तो दोन हात पुढे गेला. आत्या म्हणाली, "बरं." तिच्या तोंडून बरं हा शब्द गावाने फार कमी वेळा ऐकला होता. लिंबाजी घरी जाताना स्वतःशीच हसत गेला.

लग्न दहा दिवसांवर आलं. दाढी करून मिशा नीट कातरून घ्याव्यात म्हणून लिंबाजी म्हादबा न्हाव्यापुढे जाऊन बसला. म्हादबाने वस्तऱ्याला धार लावली. गार पाण्याची ओंजळ भरली आणि लिंबाजीच्या तोंडावर मारली.

पाणी नाकाशी आलं.

डावा हात वाटीला लागला, उजवा म्हादबाच्या कानाला. एक पाय आरशाला लागला, दुसरा ओळीत वाट बघत बसलेल्या पाटलांना. वस्तरा मध्ये कुठेतरी होता. त्याने आपलं काम केलं. सगळं शांत झालं तेव्हा डावीकडची मिशी जमिनीवर होती आणि उजवीकडची जागेवर.

अनसाने त्याला आधी उजवीकडून बघितलं, मग डावीकडून. म्हणाली, "इकडून माझा नवरा दिसतो. तिकडून त्याची बहीण." उरलेली मिशीही काढावी लागली. मग वाटेत भेटेल तो, वडील कधी गेले म्हणून विचारायला लागला. लिंबाजी प्रत्येकाला, वडील परसात शेळ्या पिळतायत, असं खरंखरं सांगत होता.

आत्याने या वेळी शिवी दिली नाही. तिच्याजवळच्या संपल्या होत्या. तिने शांतपणे सांगितलं, की धडपड सगळीकडे कामाची नाही. "घाबरलास की उताणा पड. अंग सैल सोड. आभाळाकडे बघ. मी ओंडका आहे, असं समज. ओंडका कधी बुडत नाही."

अंग सैल सोडणं म्हणजे काय, हे लिंबाजीला चांगलं ठाऊक होतं. बांगडी चढवताना तो दिवसभर बायकांना तेच सांगायचा. तो पाण्यावर उताणा पडला. आत्याने हळूच पाठीचा भोपळा सोडून घेतला. लिंबाजी बुडाला नाही. पाण्याने त्याला धरलं. जन्मल्यापासून कुणी ना कुणी त्याच्यावर खेकसत आलं होतं. पाणी काही बोललं नाही. त्याला उठावंसंच वाटेना.

"ध्यानात ठेवतो," तो आभाळाकडे बघत म्हणाला.

दोन दिवसांनी पाटलांचा कुत्रा सुटला आणि भुंकत त्याच्या अंगावर आला. लिंबाजी घाबरला. घाबरल्याबरोबर तो भर रस्त्यात उताणा पडला, अंग सैल सोडलं आणि आभाळाकडे बघायला लागला. कुत्र्याने त्याला हुंगलं आणि तो निघून गेला. लिंबाजी पडून राहिला. कधी उठायचं, ते आत्याने सांगितलं नव्हतं.

पहिला माणूस आला त्याला वाटलं, घेतली असेल. दुसऱ्याला वाटलं, फेफरं असेल. तिसरा म्हणाला, "गेला." मग सगळ्यांना तेच वाटलं. चौघांनी उचलून घरी आणलं आणि अंगणात ठेवलं. तिथूनही आभाळ दिसत होतं. लिंबाजीची काही तक्रार नव्हती. एका म्हाताऱ्याने त्याचे डोळे मिटले. त्याने ते उघडले. म्हाताऱ्याने पुन्हा मिटले. त्याने पुन्हा उघडले. म्हातारा म्हणाला, जीव कशात तरी अडकलाय. श्वास चालू आहे का, हे कुणी बघितलं नाही. सगळे रडण्यात गुंतले होते.

अनसाने हंबरडा फोडला. असा माणूस पुन्हा मिळणार नाही, असं ती म्हणाली. यावर सगळ्या गावाचं एकमत झालं. मीच मेलीने तापाचं बोलले, माझ्या जिभेला काही हाड नाही, असं म्हणून तिने डोकं आपटून घेतलं. कुणीतरी बांबू आणायला गेलं. दोन म्हाताऱ्या पुढे झाल्या, त्यांनी अनसाचे हात धरले आणि बांगड्यांवर मारायला दगड उचलला.

ओंडका आभाळावरची नजर न काढता म्हणाला, "दगड नको. कालच भरल्यात. साबण लावून काढा."

अंगण रिकामं झालं. बांबू घेऊन येणारा माणूस बांबूसकट मागे पळाला. एकटी अनसा तेवढी राहिली. तिने त्याला दोन चापट्या मारल्या, मग त्याच्या गळ्यात पडून रडली, मग पुन्हा दोन मारल्या. "पोहता येवो न येवो," ती म्हणाली, "माझ्याबरोबर लग्नाला यायचं. बुडालो तर दोघं बुडू."

"मला येतं पोहता," लिंबाजी म्हणाला.

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भोपळ्याशिवाय, दोराशिवाय, या काठावरून त्या काठावर गेला आणि परत आला. काठावर अर्धं गाव उभं होतं. कुणी हसलं नाही. हौसाआत्याने पदराने नाक पुसलं आणि त्याला खडकावर बोलावून शेवटचा धडा दिला.

"पोहता आलं म्हणजे सुटलास असं नाही," ती म्हणाली. "पोहणाऱ्याने बुडालेल्याला टाकून जायचं नसतं. बुडालेला माणूस समोरून धरला तर मिठी मारतो आणि दोघं जातात. म्हणून मागून जायचं, केस धरायचे आणि काठावर ओढत आणायचं. पालथा घालायचा आणि पाठीवर दाबून पोटातलं पाणी काढायचं."

"आणि तो सोड म्हणाला तर?"

"म्हणेल. शिव्यासुद्धा देईल. त्याला शुद्ध नसते. ऐकायचं नाही."

"ध्यानात ठेवतो," लिंबाजी म्हणाला. घरी जाऊन त्याने ते तीनदा घोकलं.

लग्नाच्या दिवशी अनसा आणि लिंबाजी होडीत बसून पलीकडे गेले. होडी मध्ये एकदा डुलली. लिंबाजी ओरडला नाही. अनसाने त्याच्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. माहेरी तिने आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं, की आमचे हे आता नदी पोहून जातात. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. लिंबाजीने शेवंताला हिरवा चुडा भरला. एकही बांगडी वाढली नाही. सगळं छान चाललं होतं.

मांडव नदीच्या काठापासून तीस पावलांवर होता. नवरदेवाचं नाव रंगनाथ. तालुक्याच्या गावी किराणा दुकानात बसणारा, गोरा, नाजूक, केसांना भरपूर तेल लावलेला. अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. रंगनाथ खाली मान घालून उभा होता. अनसाची मावशी लिंबाजीच्या शेजारी उभी होती. ती हसून म्हणाली, "नवरदेव बघा, कसा विचारात बुडालाय."

लिंबाजी चपापला. "कुठपर्यंत?" त्याने विचारलं.

"पार गळ्यापर्यंत," मावशी म्हणाली.

आजूबाजूला दीडशे माणसं होती. सगळ्यांच्या हातात अक्षता होत्या. एकजणही त्या पोराला वाचवायला हलत नव्हता. लिंबाजीला माणसांचं नवल वाटलं. तो मागून गेला, नवरदेवाचा फेटा उडवला, केस मुठीत धरले आणि ओढत निघाला.

रंगनाथ ओरडला, "सोडा, अहो, सोडा." आत्याने सांगितलं होतं, अगदी तसंच. त्याने लाथा झाडल्या. तेही सांगितलं होतं. व्याही मागून पळत शिव्या देत येत होते. इतक्या शिव्यांचं मात्र आत्या बोलली नव्हती. त्यावरून माणूस फारच खोल गेला असावा, असं लिंबाजीने ताडलं आणि पाय उचलला.

काठावर आणून त्याने नवरदेवाला पालथा घातला आणि पाठीवर गुडघा दाबला. दोन बुंदीचे लाडू निघाले. अर्धा पेला दूध निघालं. एक विडा निघाला. पाणी काही निघेना. तो पुन्हा दाबणार, एवढ्यात रंगनाथ त्याच्या हातून निसटला आणि जीव घेऊन पळाला. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या. तो पळाला तो थेट नदीत.

तिथे पाणी दोन पुरुष खोल होतं. रंगनाथ वर आला आणि ओरडला, "बुडालो. धरा मला."

सगळे लिंबाजीकडे बघून ओरडायला लागले. लिंबाजी हात झटकून शांतपणे काठावर बसला. बुडालेला माणूस सोड म्हणतो. हा धर म्हणत होता. म्हणजे हा शुद्धीवर आला होता आणि लिंबाजीचं काम झालं होतं.

तेवढ्यात त्याच्या डोक्यावरून काहीतरी हिरवं गेलं. ती शेवंता होती. शालूसकट, चुड्यासकट. ती पाण्यात शिरली, मागून गेली, नवरदेवाचे केस धरले आणि त्याला कमरेएवढ्या पाण्यापर्यंत आणला. भटजींनी घड्याळ बघितलं. मुहूर्ताची दोन मिनिटं उरली होती. ते धोतर सावरत पाण्यात उतरले आणि तिथेच अंतरपाट धरायला सांगितला. उरलेली मंगलाष्टकं पाण्यात झाली. अक्षता माशांनी खाल्ल्या. रंगनाथने नवरीचा हात जो धरला, तो मांडवात परत येईपर्यंत सोडला नाही.

व्याही लिंबाजीवर धावून जाणार होते. पण त्यांनी ओल्या शालूतल्या सुनेकडे बघितलं, भिजलेल्या पण जिवंत लेकाकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. ते हसले म्हणून सगळे हसले. अनसाने इतका वेळ पदरात लपवलेलं तोंड बाहेर काढलं. सासूबाई हसत होत्या आणि रडत होत्या. सासऱ्यांनी डोळे पुसले, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज दोन्ही घरं आनंदात बुडाली."

लिंबाजीने मांडवात नजर फिरवली. दीडशे माणसं होती. तो एकटा होता. एवढ्या सगळ्यांना पुरं पडायचं, तर वेळ घालवून चालणार नव्हतं. त्याने धोतराचा काचा मारला, आणि सासूबाई सगळ्यांत जवळ उभ्या होत्या म्हणून त्यांच्या अंबाड्यापासून सुरुवात केली.